पोच

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात कापडी पुठ्ठ्याची एक जाड नोंदवही आहे. तिच्यात अर्जांच्या दुसऱ्या प्रती खळीने चिकटवलेल्या आहेत. काही प्रती कार्बनच्या, निळसर आणि पुसट झालेल्या, काही टंकलिखित, अलीकडच्या संगणकावर छापलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का आहे आणि त्याखाली आवक क्रमांक, तारीख आणि कुणीतरी घाईने केलेली सही. वहीतला पहिला अर्ज नोव्हेंबर १९९९ मधला आहे आणि शेवटचा गेल्या महिन्यातला.

ही वही मुळात माझी नव्हे. ती आमच्या गावातून निवृत्त झालेल्या पोस्टमास्तरांची. सगळे त्यांना मास्तरकाका म्हणत. महाडपासून एसटीने दीड तासावर असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या ओट्यावर, दर रविवारी सकाळी ते, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, शिलाईचे दुकान चालवणारे एक गृहस्थ, एक तरुण वकील आणि पुढे मी, अशी चार-पाच माणसे बसत असू. या मंडळाला नाव नव्हते, नोंदणी नव्हती, पावतीपुस्तकही नव्हते. ज्याला कुठल्या कचेरीत काही लिहून द्यायचे असेल त्याने तेथे यावे, एवढीच त्याची ओळख होती. मास्तरकाकांचा नियम एकच होता: अर्ज दोन प्रतींत करायचा, एक प्रत कचेरीला द्यायची आणि दुसरीवर पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. जन्मभर रजिस्टर टपालाच्या पोचपावत्या हाताळलेल्या माणसाची ही सवय असेल, असे मला सुरुवातीला वाटे.

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाडी आहे. पावसाळा सरला की तिथली बहुतेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघून जातात. भट्टीवर जाण्यापूर्वीच्या त्या दिवसांत गावात कुठे चोरी झाली की पोलिसांची पहिली जीप वाडीवर जाते, हे सर्वांना ठाऊक असे आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे. त्या नोव्हेंबरात एका बागायतदाराची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. वाडीवरच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलाला नेले, त्याला तिसरा दिवस लागला होता. त्याची आई ओट्यापाशी आली तेव्हा रविवार नव्हता. मी पुस्तक बदलायला गेले होते आणि मास्तरकाका वर्तमानपत्र वाचत होते. "बाय, पोर घरी नाय आला," एवढेच ती मला म्हणाली. पुढचे सारे मास्तरकाकांनी विचारून घेतले: कोणत्या दिवशी नेले, किती वाजता, नेणारे कितीजण होते, पाहिले कोणी, नेताना कुठल्या कागदावर अंगठा घेतला का.

मी म्हणाले, "काका, उद्या वकिलांना घेऊन जाऊ या." ते चष्मा पुसत म्हणाले, "उद्या चौथा दिवस होईल." आणि तेथेच बसून त्यांनी चार ओळींचा अर्ज लिहिला.

ठाणे अंमलदार सौजन्याने वागले, हे मला नमूद केले पाहिजे. त्यांनी आम्हाला बसायला बाक दिला आणि सांगितले, "अटक कुठे केली आहे? चौकशीला बोलावलं आहे." मास्तरकाकांचा आवाज जराही चढला नाही. ते म्हणाले, "मग ठीक आहे, साहेब. बोलावलेला माणूस उठून घरी जाऊ शकतो, तो आता आमच्याबरोबर येईल. तसं नसेल तर ती अटक आहे आणि तिला चोवीस तास केव्हाच उलटून गेले आहेत. दोन्हींतलं जे खरं असेल ते या अर्जावर लिहून द्या." अर्ज पाऊण तास टेबलावर पडून राहिला. कोणी तो घेतला नाही आणि कोणी परतही केला नाही. मुलाची आई दाराबाहेर उकिडवी बसून होती. अखेर कोणीतरी आतल्या खोलीत जाऊन आले, शिक्का उमटला, क्रमांक पडला आणि त्यानंतर अर्ध्या तासात मुलगा बाहेर आला. त्याला तळपायांवर नीट उभे राहता येत नव्हते.

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, हे संविधानाच्या २२व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. प्रवासाला लागणारा वेळ तेवढा त्यातून वजा होतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मी हे कित्येकदा फळ्यावर लिहिले होते आणि चाचणी परीक्षेत रिकामी जागा भरायला देऊन एक गुणही ठेवला होता. त्या संध्याकाळपर्यंत हे चोवीस तास कोणीतरी मोजावे लागतात, हे माझ्या ध्यानात आलेले नव्हते. मुलगा पहिल्या रात्री अकरा वाजता ठाण्यात होता, दुसऱ्या रात्री होता आणि तिसऱ्या दुपारीही होता. घड्याळ चालू होते, संविधान लागू होते, पण मोजणारे कोणी नव्हते. मारहाणीबद्दल आम्ही वरिष्ठांकडे जो अर्ज केला त्याचे उत्तर चार महिन्यांनी आले: अर्जात तथ्य आढळून आले नाही. स्टेशन डायरीत त्या तीन दिवसांची नोंदच नव्हती. वहीत त्या उत्तराचा कागदही चिकटवलेला आहे, कारण नकाराचीही पोच जपून ठेवावी असे काकांचे मत होते.

त्यानंतर मी दर रविवारी ओट्यावर जाऊ लागले. मास्तरकाकांना पत्रांच्या गोष्टी सांगायला आवडत आणि त्यांची आवडती पत्रे तीन होती. पहिले पत्रकार शीला बारसे यांचे. मुंबईच्या कोठड्यांत स्त्रियांना कसे वागवले जाते याविषयी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि त्यावरून १९८३ साली निकाल झाला, की स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, त्यांच्यावर पहारा स्त्री पोलिसांचा असावा आणि अटक होताच विधी सहाय्य समितीला कळवावे. दुसरे ओडिशाच्या नीलाबती बेहेरा या मातेचे. पोलिसांनी नेलेल्या तिच्या मुलाचे प्रेत दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळांवर सापडले होते. तिच्या १९८८ मधील पत्राची न्यायालयाने याचिका करून घेतली आणि १९९३ मध्ये राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तिसरे पश्चिम बंगालमधील विधी सहाय्याचे काम करणाऱ्या डी. के. बसू यांचे, २६ ऑगस्ट १९८६ चे. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्यांकडे त्यांनी सरन्यायाधीशांचे लक्ष वेधले होते आणि त्यातूनच डिसेंबर १९९६ मध्ये अटकेविषयीचे अकरा निर्देश आले: अटकेचा पंचनामा तारीख-वेळेसह करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातेवाइकाला कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि हे सारे प्रत्येक ठाण्यात दिसेल अशा जागी लावावे. पत्रापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. मास्तरकाका म्हणत, "टपाल उशिरा पोहोचलं तरी त्याला पोहोचलं असंच म्हणतात." आम्ही पुढे तालुक्यातल्या ठाण्यांत तो फलक लावला आहे का, हे पाहत फिरलो. एका ठिकाणी तो होता, पण त्याच्यापुढे लोखंडी कपाट ठेवलेले होते. कपाट हलवावे असा अर्ज वहीत आहे.

मार्च महिन्यात ते आम्हाला महाडला नेत. २० तारखेला तेथे अपार गर्दी असते, म्हणून आम्ही एखाद्या आधीच्या रविवारी जात असू. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून ते जो इतिहास सांगत, तो मी लहानपणापासून ऐकलेला असूनही वेगळा वाटे, कारण त्यांचे लक्ष कागदांवर असे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागद इतका पक्का होता. तरीही पुढची तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी ज्यांच्यासाठी खुले झाले होते त्यांच्यापैकी कोणालाही घेता आले नाही.

मग जवळच्याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशा माणसांनी खपून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवली आणि १९ व २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडला आले. परिषदेसाठी पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागले होते. दुसऱ्या दिवशी सभा संपताना लोक रांगा करून तळ्यावर गेले आणि नगरपालिकेचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव त्या दिवशी ओंजळीत आला. त्यानंतर काय घडले तेही ठाऊक आहे: वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या, आणि मग तळ्याचे शुद्धीकरण. मात्र पुढचा कागद फारसा कोणाच्या लक्षात नसतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला नेमकी चार वर्षे झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह ठरला, तेव्हा काही स्थानिकांनी तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला.

डिसेंबरातल्या त्या परिषदेविषयी मला तरुणपणी एक खंत वाटे. परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावे नोंदवली. आणि एवढे होऊन, न्यायालयाचा हुकूम मानायचा असे ठरवून, तळ्याभोवती मिरवणूक काढून, पाण्याला हात न लावता सारे परतले. मला ती माघार वाटे. मी तसे बोलले, तेव्हा मास्तरकाका बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग ते म्हणाले, "बाई, ज्याच्या पोटाला गावकीचं काम आहे, ज्याचं घर गावाच्या शिवेवर आहे, त्यानं १९२७ साली 'मी तुरुंगात जायला तयार आहे' असं सांगून आपलं नाव लिहून देणं, म्हणजे काय असेल? पाणी पिऊन माणूस गर्दीत मिसळू शकतो. नाव लिहून दिलेला माणूस कुठे मिसळणार?" खटला दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयात, मग ठाणे शहरातल्या न्यायालयात आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात, प्रत्येक पायरीवर निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. १७ मार्च १९३७ चा उच्च न्यायालयाचा शेवटचा निकालही मोठ्या तत्त्वावर दिलेला नाही. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच आधारावर अपील फेटाळले गेले. बाबासाहेबांनी ती अरुंद वाटही सोडली नाही, याचा मला आता फार आदर वाटतो. स्वातंत्र्याची मोठी भाषा ज्यांना सर्वाधिक साजली असती, त्यांनी दहा वर्षे तळ्याच्या मालकीचे आणि वहिवाटीचे पुरावे मांडले.

आमच्या तालुक्यातली गोष्ट याच्यापुढे फार लहान आहे. पण ज्यावर आपण रोज चालतो ती जमीन लहानच असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मनाई आदेश निघतात: पाच वा अधिक माणसांनी जमू नये, मिरवणूक काढू नये, घोषणा देऊ नयेत. आदेश बहुधा पंधरा दिवसांचा असतो आणि वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर तळाशी त्याची चार ओळींची बातमी येते. एका वर्षी मास्तरकाकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर या आदेशांच्या तारखांखाली पेन्सिलीने रेघ ओढायला सुरुवात केली. गणपतीपासून शिमग्यापर्यंत ती रेघ फारशी कोठे तुटली नाही. कोणीही दडपशाही केली, असे त्या रेघेकडे पाहून म्हणता आले नसते. प्रत्येक आदेशाला सण, निवडणूक किंवा परीक्षा असे वाजवी कारण होते आणि मिरवणुका निघतही होत्या. पण ज्यांची मिरवणूक नको असेल, त्यांच्यासाठी तो आदेश खणात तयार असे.

तो एकदा बाहेर निघाला. एका वाडीवरची नळपाणी योजना कागदोपत्री पूर्ण झाली होती आणि नळाला पाणी नव्हते. बायकांनी तहसील कचेरीवर हंडा मोर्चा न्यायचा ठरवला. आदल्या रात्री तिघींच्या घरी एकशे एकोणपन्नासची नोटीस आली. फौजदारी संहितेचे क्रमांक २०२४ मध्ये बदलले, तरी लोक अजून तेच नाव घेतात. गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच दिलेली ती समज असते. नवरे घाबरले, सासवा संतापल्या. रात्री नऊ वाजता त्या साऱ्याजणी मास्तरकाकांच्या पडवीत जमल्या होत्या. त्यांनी आदेशाचे कात्रण पुन्हा वाचले आणि विचारले, "पाच जणींनी जमायचं नाही ना? चौघी-चौघी जा. घोषणा नकोत, हंडे नकोत. प्रत्येक चौकडीचा अर्ज वेगळा आणि प्रत्येकीची पोच वेगळी." दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत, चौघीचौघींनी येऊन, एकाच मजकुराचे अर्ज त्या देत राहिल्या. आवक विभागातल्या कारकुनाचा हात दुखून आला असेल, पण त्याने एकही अर्ज नाकारला नाही, आणि शेवटच्या चौकडीला त्याने स्वतःहून पाणी विचारले. त्या दिवशीचे सतरा शिक्के वहीच्या सलग पानांवर आहेत. चोवीस बायकांनी अंगठा लावण्याऐवजी त्या दिवशी पहिल्यांदा सही केली, कारण आदल्या रात्री पडवीत आम्ही त्यांच्याकडून ती गिरवून घेतली होती.

माहितीचा अधिकार आला तेव्हा काका सत्तरीकडे झुकले होते. महाराष्ट्राचा कायदा आधीच झालेला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा लागू झाला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. त्यातले काकांचे आवडते वाक्य सातव्या कलमात होते: मागितलेली माहिती एखाद्याच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यायची. आम्ही ते दोनदा वापरले. एकदा उत्तर मिळाले. एकदा उत्तर येण्याआधीच माणूस सुटून आला, आणि मला वाटते की तोच त्या अर्जाचा उपयोग होता. याच काळात, १३ जानेवारी २०१० रोजी, तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा सकाळी घराबाहेर खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून त्यांनी उजेडात आणले होते. पुढच्या रविवारी ओट्यावर डॉक्टर आले नाहीत, त्यानंतरही आले नाहीत. त्यांना घरी लहान मुली होत्या. आम्ही कोणी त्यांना बोल लावला नाही.

आता ज्या घटनेविषयी लिहायचे आहे, ती मी आजवर लिहायचे टाळले आहे. २०१६ सालच्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या, माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर काही मजकूर ठेवला. ज्यांची तसबीर माझ्या माहेरच्या आणि सासरच्या देवघरात आहे, त्यांच्याविषयीचा तो मजकूर होता. तो मी वाचला आणि माझे हातपाय कापू लागले. हे मी अतिशयोक्ती न करता सांगते आहे. तासाभरात बाजारपेठ बंद झाली, ठाण्यासमोर तीन-चारशे माणसे जमली आणि मुलाला आत घेण्यात आले. संध्याकाळी मास्तरकाकांचा दूरध्वनी आला. "बाई, त्याची आई इथे आली आहे. अर्ज लिहिला आहे. तुम्ही येता का?" मी विचारले, "त्याने काय लिहिलंय ते वाचलंत का तुम्ही?" ते म्हणाले, "वाचलं. मला झोप लागणार नाही आज. पण गुन्ह्यात सहासष्ट-अ कलम घातलंय, आणि ते तर आता अस्तित्वातच नाही." मी गेले नाही. पाऊस फार आहे, असे काहीतरी सांगितले. पाऊस होताच.

सहासष्ट-अ ची कथा आपल्याच राज्यातून सुरू झाली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने ते पसंत केले होते. त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने दिल्लीहून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते कलम न्यायालयाने पूर्णतः रद्द केले. मी तेव्हा वर्गात मुलांना तो निकाल समजावून सांगितला होता. पण दिल्लीत रद्द झालेले कलम देशभरातल्या ठाण्यांमध्ये वर्षानुवर्षे लावले जात राहिले. छापील संहितांमध्ये ते तसेच होते, आणि निकाल खाली पोहोचवण्याचे काम कोणाचेच नव्हते. लोकस्वातंत्र्य संघटनेने ही गोष्ट पुन्हा न्यायालयापुढे नेली, तेव्हा २०२१ मध्ये न्यायमूर्तींनी आश्चर्य आणि खेद व्यक्त केला. आणि या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना नव्याने बजावावे लागले.

त्या रात्री मास्तरकाका जवळपास ऐंशी वर्षांचे होते. ते आणि शिलाईवाले गृहस्थ छत्री घेऊन त्या जमावातून ठाण्यात गेले. जमावात त्यांचेच शेजारी होते. कोणीतरी काकांना ढकलले, छत्री मोडली. आत जाऊन त्यांनी निकालाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, अर्ज आणि स्वतःचा पत्ता दिला, आणि पोच घेतली. मुलाला दुसऱ्या दिवशी न्यायालयापुढे नेले गेले, ते कलम काढले गेले, उरलेल्या कलमांवर त्याला जामीन मिळाला. त्याने लिहिलेले मला आजही तितकेच वाईट वाटते. त्या घरी पुढे दोन वर्षे कोणी हळदीकुंकवाला गेले नाही, आणि मीही गेले नाही.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर गेले तेव्हा काकांनी मला काहीही विचारले नाही. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "या पानाची खळ सुटली आहे, जरा चिकटवा." पान त्याच अर्जाचे होते आणि पावसाने शिक्क्याची शाई पसरलेली होती. मी ते चिकटवले. कातकरी मुलासाठी ठाण्यात जाताना मला धैर्य लागले असे वाटत होते. आता दिसते की तेव्हा मला काहीच मोजावे लागले नव्हते. तो कातकरी मुलगा माझ्या मनात आधीच निरपराध होता. ज्याचा राग येतो त्याचे चोवीस तास मोजायची पाळी माझ्यावर एकदाच आली आणि तेव्हा मी खिडकीतून पाऊस पाहत बसले. काका २०१९ मध्ये गेले. वही त्यांच्या सुनेने आणून दिली.

दोन वर्षांपूर्वी राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकाची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी ती वही घेऊन पुन्हा ओट्यावर बसू लागले. संयुक्त समितीने लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. विधेयकातल्या व्याख्या इतक्या सैल होत्या, की हंडा मोर्चाही त्यात बसू शकेल अशी भीती आम्हाला वाटली आणि आम्ही तेच लिहिले. हंडा मोर्चाऐवजी ते सतरा अर्ज देणाऱ्यांपैकी तीन बायका आता आज्या झाल्या आहेत. त्यांनी आपल्या सहीने हरकती पाठवल्या. राज्यभरातून बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या. विधेयकाच्या शब्दांत काही बदल झाले. आमच्या मते पुरेसे झाले नाहीत. आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. हरकतींच्या रजिस्टर टपालाच्या पोचपावत्या वहीत लावताना त्या तिघींपैकी एकीने विचारले, "बाई, मग आपला उपयोग काय झाला?" मी तिला महाडचा ४ ऑगस्ट १९२७ चा ठराव सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे अजून दहा वर्सं." मला तिचे समाधान करता आले नाही.

आता ओट्यावर माझ्यासोबत दोघीजणी बसतात, त्यांतली एक विधी महाविद्यालयात शिकते. गेल्या महिन्यात एका ट्रकचालकाला रात्रभर बसवून ठेवल्याची तक्रार तिच्याकडे आली. बसवून ठेवलेच नाही, असे तोंडी उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे असे सर्वत्र कॅमेरे बसवण्याचा आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला आहे. तिने त्या रात्रीच्या चित्रणाची मागणी केली आहे. अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे. पोच मागताना तिचा आवाज थोडा कापला, पण ती पायरी उतरली नाही. तीस दिवस येत्या मंगळवारी भरतात. उत्तर आले नाही, तर पहिल्या अपिलासाठी वीस रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागेल. ते मी कालच आणून वहीत ठेवले आहे.